बडग्याच्या गळ्यातली जोड

आमच्या घरात साधं बोलायची पद्धत नव्हती. म्हणजे आई बोलायची साधं, चांगलं सणसणीत साधं, पण बाबांकडे प्रत्येक गोष्टीला एक जोड तयार असायची. जोड म्हणजे दोन ओळी, शेवटाला यमक आणि पोटात कुठलंतरी शहाणपण. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि घर त्याच्याच मागे, मध्ये नुसता गोणपाटाचा पडदा. दुकानाच्या एका फळीला त्यांनी काळा रंग मारून घेतला होता. रोज सकाळी पंप बाहेर मांडायच्या आधी ते त्या फळीवर खडूनं नवी जोड लिहायचे, दोन पावलं मागे सरकून ती वाचायचे आणि मगच चहा मागायचे. दूधवाले, कॉलेजची पोरं, कोर्टात जाणारे कारकून ब्रेक मारायचे, एक पाय जमिनीला टेकवून वाचायचे आणि मान हलवत पुढे जायचे. काहीजण तर चाकात हवा भरपूर असताना उगाच हवा भरून घ्यायला थांबायचे. नशीब, सद्गुण, हाव, माणसाचा स्वभाव, सगळं त्या फळीवर येऊन गेलं. एक अजून पाठ आहे मला:

दैव येऊन दारावर कडी वाजवून गेलं,
घरातलं माणूस आत पत्रिका पाहत मेलं.

लोकांना हे फार आवडायचं. आईला नाही. तिला त्या फळीचा रागच होता, आणि त्याला कारण होतं. एकदा रात्रीची वांग्याची भाजी खारट झाली. बाबा मुकाट जेवले, वरून दोन तांबे पाणी प्याले. सकाळी फळीवर लिहिलेलं:

चांगुलपण असावं जसं मीठ भाजीत,
जास्त झालं का बसते सारं घर पाणी पीत.

गल्लीनं ती वाचली चांगुलपणाची जोड म्हणून. वा मास्तर, काय बोलले. (बाबा कुठल्याच शाळेत मास्तर नव्हते, पण फळीमुळे त्यांना सगळे मास्तर म्हणायचे.) आईनं मात्र पडद्याआडून वाचलं, बाहेर आली आणि गिऱ्हाइकांसमोरच म्हणाली, "खारट झाली तर खारट झाली म्हणा ना मले. साऱ्या मोहल्ल्याले काहून सांगता?" बाबा गालातल्या गालात हसले आणि घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत बसले. मीही हसले होते. तेव्हा ते मजेचंच वाटलं. आज वाटतं, आमच्या घराचं सगळं दुखणं त्या खारट भाजीतच होतं, आणि ते फक्त आईला कळलं होतं.

बाबांना एक धाकटा भाऊ, मधूकाका. आईवडील लवकर गेले तेव्हा बाबांना मिसरूडही फुटलं नव्हतं. त्यांनी शाळा सोडली, एका दुकानात पंक्चर काढायला शिकले, पुढे स्वतःचं दुकान टाकलं आणि मधूकाकाला शिकवलं. लग्न होऊन आई आली तेव्हा काका हायस्कुलात होता. भाऊजी अभ्यास करून राहिले म्हणून ती भांडीसुद्धा आवाज न करता घासायची, असं तीच सांगायची. काकाला ज्वारीची भाकर कडेला जरा करपलेली लागायची आणि वर जवसाची चटणी, त्यात तेलाची धार. वकील झाला, लग्न झालं, गल्लीतच चार घरं सोडून बिऱ्हाड केलं, तरी संध्याकाळी कोर्टातून येताना तो आधी आमच्याकडे यायचा. काळा कोट खुंटीला टांगायचा, बाबांच्या जवळ उकिडवा बसायचा आणि स्पोक टणटण वाजवत दोघं काय काय बोलायचे. म्हणजे बोलायचा काका. बाबा जोडी सांगायचे.

मी एकुलती एक, म्हणून काकाची फार लाडकी. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं लाकडाचे बैल सजवून दारोदार नेतात, बैलाला ओवाळतात आणि पोरांच्या हातावर बोजारा म्हणून काही पैसे ठेवतात. पोरींनी बैल न्यायची तेव्हा तशी रीत नव्हती. काकानं मला चाकांचा बैल आणून दिला, शिंगांना बेगड लावली आणि आईला सांगितलं, वहिनी, माझी पुतणी बैल घेऊन पहिल्यांदा माझ्याच घरी येईन. दरवर्षी मी तशीच जायचे. शालूकाकी ओवाळायची, आणि काका उंबऱ्यावर बसून बैलाशी गंभीर चेहऱ्यानं बोलायचा, काय पाटील, यंदा पीकपाणी कसं काय.

मग काकाला मोठं व्हायचं होतं. त्यात वाईट काय होतं, मी आजही विचारते. कोर्टात नाव झालं होतं, मोठ्या लोकांत उठबस होती, आणि महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं. त्यानं सीताबर्डीला नवं ऑफिस घेतलं. उद्घाटनाला बाबांनी कपाटातला लग्नातला कोट काढला, तो काखेत तंग होत होता, आणि नखांतलं काळं जावं म्हणून सकाळभर हात रॉकेलनं घासले. मी सोबत होते. ऑफिसात माणसांची ही गर्दी. मी संत्रा बर्फी खात उभी होते तेव्हा काका एका भारी माणसाला घेऊन आमच्यापर्यंत आला. त्या माणसानं बाबांकडे पाहून विचारलं, हे कोण. काकाची नजर क्षणभर बाबांच्या कोटावर गेली, आणि तो हसून म्हणाला, "हे आमच्या मोहल्ल्यातले मास्तर. काय जोडी लिहितात, ऐका एकदा." भाऊ म्हणाला नाही. त्या माणसानं हात जोडले, बाबांनीही जोडले. कोणीतरी हाक मारली आणि काका गेला.

सायकलवर डबलसीट परत येताना बाबा एवढंच म्हणाले की गर्दी फार होती. घरी आईनं विचारलं कसं झालं, तर चांगलं झालं म्हणाले. मी मात्र बर्फीबरोबर सगळं सांगून टाकलं. आई म्हणाली, "जाऊन विचारा भाऊजीले. असं काहून केलं म्हणून विचारा, भांडा, दोन शिव्या द्या. मोठे आहा तुमी." बाबा गेले नाहीत. काकाही दोन दिवस आला नाही, मग आला, आणि दोघं काही घडलंच नाही असे स्पोक वाजवत बसले. पाहणाऱ्याला वाटलं असतं, मिटलं.

पोळा जवळ आला. नागपूरबाहेरच्यांना सांगायला हवं की तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी सकाळी आमच्याकडे मारबत निघते. मारबत म्हणजे कागदा-कामट्यांची मोठी बाई, तिच्यासोबत गावातली सारी रोगराई, पीडा वेशीबाहेर घालवायची. आणि तिच्यामागे निघतात बडगे, मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या पोरांनी केलेले पुतळे. ज्याचा लोकांना राग असेल त्याचा बडग्या करायचा, गळ्यात पाटी अडकवायची, घेऊन जा गे मारबत म्हणून ओरडत साऱ्या शहरातून फिरवायचा आणि शेवटी जाळायचा. आमच्या गल्लीच्या मंडळाची पोरं दरवर्षी पाटीवरची जोड बाबांकडून लिहून न्यायची. महागाईवर लिहून झालं होतं, भेसळीवर झालं होतं. निवडणूक जवळ होती, म्हणून त्या वर्षी पोरांना खुर्चीच्या हावेवर पाहिजे होतं. एरवी बाबा हात पुसता पुसता ओळी सांगायचे. त्या वेळी त्यांनी पोरांना दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी तिथेच रबराचे तुकडे कापत बसले होते, आणि बाबांनी चाकावरची नजर न उचलता सांगितलं:

शिडी चढून माडीवर हवा खाऊन राहिला,
शिडी धरली ज्यानं त्याले वळखून नाही राहिला.

पोरं एकदम खूश. आईच्या हातात तांब्या होता, तो तिनं खाली ठेवला. पोरं गेल्यावर तिनं विचारलं, हे लिहिताना भाऊजी डोळ्यासमोर होते का नव्हते. बाबा म्हणाले, मी माणसाचा स्वभाव लिहिला, माणूस नाही लिहिला. यावर आईनं जे उत्तर दिलं ते बाबांच्या कुठल्याही जोडीपेक्षा भारी होतं असं माझं मत आहे. "स्वभाव काय झाडाले लागते? माणसालेच लागते ना."

ही जोड परवा मला मोबाईलवर आली. हल्ली मी धरमपेठेत मुलाकडे असते, आणि सकाळी डोळे उघडायच्या आधी शंभर जणांचं शहाणपण फोनवर येऊन पडलेलं असतं. गुलाबाचं चित्र, उगवता सूर्य आणि खाली त्याच दोन ओळी, कोणीतरी शुद्ध करून घेतलेल्या. पाठवणारा कोण, तर मधूकाकाचा नातू. पोरगा गुणी आहे, मला आजी म्हणतो. खाली त्यानं लिहिलं होतं, किती खरं आहे ना. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि फोन उशीखाली सरकवला.

तर मारबतीचा दिवस. आदल्या दिवशीचं पुरण उरलेलं, घरभर तुपाचा वास, आणि रस्त्यावर सकाळपासून ढोल. आम्ही तिघं दुकानाच्या ओट्यावर उभे होतो. मारबत गेली, लोकांनी पोरंबाळं उचलून तिच्या पायाला लावली, मग एकेक बडग्या येऊ लागला. आमच्या गल्लीचा बडग्या वळणावर दिसला तेव्हा आधी हशा ऐकू आला. बांबूची शिडी, शिडीवर चढलेला पुतळा, आणि पुतळ्याच्या अंगात जुन्या छत्रीच्या कापडाचा शिवलेला काळा कोट. गळ्याला पांढऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या, वकिलांना असतात तशा. बाबांनी पोरांना नाव सांगितलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. पण पोरं काय आंधळी होती? शिडी कोणी धरली हे गल्लीत शेंबड्या पोराला ठाऊक होतं. जोड ऐकली आणि कोट त्यांनी आपोआप शिवला. कोणीतरी सुरुवात केली आणि साऱ्यांनी उचललं, वकीलसाहेबाले घेऊन जा गे मारबत.

आईनं बाबांचा दंड धरला. उतरा, पाटी काढा त्याच्या गळ्यातली. बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. पण ते म्हणाले की निघालेला बडग्या थांबवत नाहीत, थांबवला तर पीडा घरात परत येते. अशी समजूत आमच्याकडे होतीच, खोटी नाही. पण त्या समजुतीच्या आड ते उभे राहिले हेही तितकंच खरं. बडग्या आमच्यासमोरून गेला आणि काकाच्या घरासमोर थांबला. पोरं तिथे जरा जास्तच नाचली. वर खिडकीत शालूकाकी उभी होती, हातात ओवाळायचं ताट, घासून पुसत असावी. तिनं खिडकी लावून घेतली. दुपारी चौकात बडगे जाळले तेव्हा धूर गल्लीतून दिसत होता, आणि ती बाई खिडकीच्या आत बसून काय विचार करत असेल, जिवंत नवऱ्याचा पुतळा जळतो आहे हे ठाऊक असताना, हे मला लग्न झाल्यावर कळलं, आधी नाही.

संध्याकाळी आईनं माझ्या हातात बैल दिला आणि म्हणाली, जा, पहिल्यांदा तिकडेच जा.  काकाचं दार उघडंच होतं. काकीचे डोळे सुजलेले, तरी तिनं बैलाला कुंकू लावलं, ओवाळलं. काका नेहमीसारखा उंबऱ्यावर बसला. बैलाशी बोलला नाही. त्यानं माझ्या मुठीत बोजारा ठेवला, मूठ बंद केली आणि ती तशीच आपल्या हातात धरून ठेवली. मग म्हणाला, "बेबी, बापाले सांग, आता शिडी सोडून दे म्हणावं. मी उतरलो." मी घरी येऊन सांगितलं, शब्दाला शब्द. बाबा पाना हातात घेऊन बसले होते. बरं म्हणाले.

त्या निवडणुकीत काका उभाच राहिला नाही. लोक काय म्हणायचे आणि काय नाही, ते जाऊ द्या. वर्ष उलटायच्या आत त्यानं धरमपेठेत घर घेतलं आणि गल्ली सोडली. सामानाचा ट्रक दुकानासमोरूनच गेला. मला वाटलं होतं बाबा उठतील. ते घमेल्यात ट्यूब फिरवत राहिले, आणि त्या ट्यूबला भोक नव्हतंच, मी पाहत होते ना. आई म्हणायची जा, एकदा जाऊन या, सायकल आहे, पाय आहेत. बाबांचं एकच पालुपद, मी कोणाचं नाव घेतलं का. आणि तिकडे काकाचं काय पालुपद असेल, तेच असणार, मी तरी कोणाला वाईट बोललो का, मास्तरच म्हणालो ना. फळीवर रोज जोड येत होती. क्षमेवर आली, भावकीवर आली, अहंकारावर तर किती आल्या.

आरशात पाहून माणूस भांग सरळ करते,
भांग सरळ झाला का मन सरळ समजते.

लोक वाचून म्हणायचे, वा मास्तर. मला तोवर फळीचा आईइतकाच राग यायला लागला होता. वाटायचं, ही खडूची पूड चार मैल दूर धरमपेठेला कशी पोचेल. काकीकडून एकच निरोप कधीमधी यायचा, बेबीला पाठवा. मी जायचे. काका अभ्यासाचं विचारायचा, पुस्तकं द्यायचा, आणि मी निघताना नेमका विचारायचा की फळीवर आज काय होतं. मी सांगायचे. तो ऐकून घ्यायचा आणि गेटपर्यंत सोडायला यायचा. भाऊ फळीवरून आपल्याशीच बोलून राहिला, हे त्याला कळत नसेल का. पण चारचौघांना वाचायला ठेवलेली माफी कोण घरात घेईल.

मी कॉलेजात होते तेव्हा काका आजारी पडला. पोटाचं दुखणं, कळलं तेव्हा फार पुढे गेलेलं. काकीचा निरोप आला, आणि या वेळी तो बेबीसाठी नव्हता. बाबांनी त्या दिवशी फळीवर काही लिहिलं नाही. आईनं जवसाची चटणी कुटली, कडा करपवलेली भाकर फडक्यात बांधली, खाणार नाही तो, पण वास तरी घेईल म्हणाली. वाटेत रिक्षात बाबांचे ओठ हलत होते. मला ठाऊक होतं काय चाललंय. जोड जुळवून राहिले होते.

काका पलंगावर एवढासा झाला होता. फडकं सोडल्यावर त्यानं खरंच वास घेतला आणि आईकडे पाहून हसला. बाबा स्टुलावर बसले.  मग काकाच बोलला, दम घेत घेत. "दादा, त्या दिवशी मी तुले भाऊ म्हणून नाही सांगतलं. तुह्या कोटाची लाज वाटली मले. माझं चुकलं गा." किती साधं बोलला. आई पदर तोंडाला लावून बाहेर गेली. बाबांनी घसा खाकरला, मान खाली घातली आणि सुरू केलं, "एका जुवाले दोन बैल..."

काकानं हात उचलला. चादरीवर दोन बोटं उचलली, एवढंच. "जोड नको ना दादा. साधं बोल."

बाबांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे पाहत होते. आयुष्यभर ज्या माणसाला शब्द कमी पडला नाही, तो तोंड उघडं ठेवून बसला होता आणि आत काहीच सापडत नव्हतं.  शेवटी त्यांनी काकीकडे वळून विचारलं, याले पाणी कोमट करून देऊन राहिले ना. काकी हो म्हणाली. काकानं डोळे मिटले, रागानं नाही, दमून. रिक्षात आईनं विचारलं, बोलले का. बाबा म्हणाले, "उद्या येतो. उद्या बोलतो." ती बैलांची दुसरी ओळ काय होती ते मी कधी विचारलं नाही, आणि आज विचारायला कोणी नाही.

उद्या उजाडला तो काका गेल्याच्या निरोपानं.

बायकांनी घाटावर जायची आमच्याकडे रीत नव्हती, पण बाबांनी माझा खांदा सोडला नाही, म्हणून मी गेले. अग्नी दिल्यावर घाटावर शोकसभा होते, चार लोक चार शब्द बोलतात. वकील बोलले, मोहल्ल्यातले बोलले. बडग्याला कोट शिवणाऱ्यांपैकी एकजण बोलला आणि रडला. मग कोणीतरी म्हणालं, मास्तर, तुमीच काही सांगा. सगळी माणसं सरसावून बसली. मास्तर बोलणार म्हणजे जोड येणार, आणि अशा वेळी म्हणजे काय जोड येईल, हे मला त्या प्रत्येक चेहऱ्यावर दिसत होतं. बाबा माझ्या खांद्याला धरून उठले.

"माझा भाऊ होता," ते म्हणाले. "माझं चुकलं."

पुढे काही येईल म्हणून लोक थांबले. पुढे काही नव्हतं. बाबा चितेकडे तोंड करून उभे राहिले, आणि तोवर लाकडांनी चांगलाच पेट धरला होता.